नोंदवहीवर वसलेले शहर

मुंबईच्या आणि कोकणाच्या बाजारात एके काळी कारखान्यातून आलेल्या पांढऱ्या साखरेला ‘मोरस’ म्हणत. गुजरातीत हा शब्द अजून चालतो. मराठीत तो जुन्या माणसांच्या तोंडी आणि कोशांत उरला आहे. मोरस म्हणजे मॉरिशस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या बेटावरची साखर मुंबईच्या धक्क्यावर इतकी उतरत होती, की वाण्याच्या दुकानात देशाचे नावच मालाला पडले. पण जिथे ती साखर जहाजांवर चढत होती, तिचे वजन होत होते आणि हुंड्या लिहिल्या जात होत्या, त्या पोर्ट लुईचे नाव आपल्याकडे कधी रुळले नाही. मराठी वाचकाला मॉरिशस ठाऊक असते ते निळ्याशार पाण्याचे आणि सहलींचे बेट म्हणून, फार तर आपली माणसे तिथे राहतात म्हणून. राजधानी मात्र त्याच्या लेखी एका दुपारपुरती असते: बाजारात फेरफटका मारायचा, चार वस्तू घ्यायच्या आणि पुन्हा किनारा गाठायचा. हा क्रम उलटा करून पाहावा, आधी शहर समजून घ्यावे आणि मग बेटाकडे वळावे, असे माझे म्हणणे आहे. पुढची प्रकरणे त्याच क्रमाने लिहिली आहेत, आणि तसे का केले ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

पोर्ट लुई बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे त्याच्या पाठीशी असलेली मोका डोंगररांग अडवून धरते. ल पूस, म्हणजे ‘अंगठा’, हे त्या रांगेतले ८१२ मीटरचे शिखर शहरातून कुठूनही दिसते. वारा अडतो म्हणून शिडाची जहाजे इथे निर्धास्त नांगर टाकत, आणि वारा अडतो म्हणूनच शहरात उकाडा असतो; बंदराचे सुख आणि माणसांचा घाम एकाच डोंगरातून आले आहेत. डच लोक १५९८ साली बेटावर उतरले ते दुसऱ्या बाजूला, आग्नेय किनाऱ्यावर. त्यांनी जावाहून ऊस आणि हरणे आणली, आबनुसाची झाडे तोडली, आणि १७१० साली ते कायमचे निघून गेले तेव्हा डोडो पक्षी उरला नव्हता. १७१५ साली फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले आणि १७३५ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोने याने या वायव्येच्या बंदराला राजधानीचे रूप दिले. गोदी, वखारी, इस्पितळ, लष्करी बराकी, पाण्याचा पाट ही सगळी उभारणी त्याच्या काळातली. दगड वाहिले मादागास्कर आणि मोझांबिककडून धरून आणलेल्या गुलामांनी. सुतार-गवंड्यांपैकी कित्येक पुदुच्चेरीहून आले होते. १७४६ साली ला बूर्दोने इथूनच आरमार घेऊन निघाला आणि त्याने मद्रास जिंकले. शहराचा हेतू त्या मोहिमेत स्पष्ट दिसतो. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर लढणाऱ्या आणि व्यापार करणाऱ्या जहाजांसाठी ते कोठार होते, दुरुस्तीचा कारखाना होता. स्वतः काही पिकवावे किंवा घडवावे म्हणून ते वसवलेलेच नव्हते.

इथून माझा मुद्दा सुरू होतो. पोर्ट लुईने गेल्या जवळजवळ तीनशे वर्षांत जो काही पैसा आणि जी काही सत्ता मिळवली, ती मोजणीतून आणि नोंदीतून मिळवली. जे बंदरातून आत आले किंवा बाहेर गेले, मग तो माणूस असो, साखरेची गोण असो की परक्याचे भांडवल असो, त्याला वहीत उतरवून घेण्याचा हक्क या शहराकडे होता. नोंद करणारा हात बदलला, वहीची भाषा बदलली, वहीत लिहायची वस्तू बदलली. हक्क मात्र शहराकडेच राहिला. हे म्हणणे पोर्ट लुईला विशेष लागू पडते याचे कारण बेटाच्या जन्मातच आहे. मॉरिशसला मूळ रहिवासी नव्हते. जगातल्या बहुतेक वसाहतींच्या राजधान्या कुणाच्या तरी जुन्या गावावर, शेतावर किंवा देवळाशेजारी उभ्या राहिल्या; तिथल्या माणसांना सरकारी कागदाच्या आधीचे आयुष्य होते. इथे मात्र प्रत्येक कुटुंबाचा बेटावरचा पहिला ठसा कुठल्या तरी जहाजाच्या यादीत आहे, आणि ती याद्यांची थप्पी जवळजवळ सगळी या एका बंदरात रचली गेली. भूमिपुत्र हा शब्दच जिथे कुणाला लावता येत नाही अशा देशात कागदाला जमिनीचे महत्त्व येते.

गुलामगिरीच्या काळापासून हे पाहता येते. १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट जिंकले, पण शरणागतीच्या अटींनुसार फ्रेंच भाषा, कायदे, धर्म आणि मालमत्ता तशाच ठेवल्या. या मालमत्तेत माणसेही होती. गुलामांच्या आयातीवर बंदी आल्यावर चोरटा व्यापार धरता यावा म्हणून १८१५ पासून गुलामांची नोंदणी सुरू झाली. हेतू चांगला होता. फळ वेगळेच निघाले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी रद्द झाली तेव्हा हीच नोंदणी मालकांच्या कामी आली. सुमारे ६६ हजार माणसांच्या बदल्यात मालकांना एकंदर २१ लाख पौंडांच्या घरात भरपाई मिळाली. सुटलेल्या माणसाला एक पैसाही मिळाला नाही, उलट १८३९ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकाकडे राबावे लागले. मॉरिशस कमर्शियल बँक १८३८ साली पोर्ट लुईत निघाली, ती या भरपाईच्या आणि तेजीच्या काळात. ज्या वर्षांत ज्या शहरात माणसाची किंमत कागदावर लिहून रोख झाली, त्याच वर्षांत तिथे बँक उभी राहावी हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही. आणि याच काळात, १८३४ ते १८४० दरम्यान, शहराच्या मधोमध टेकडीवर इंग्रजांनी सिटाडेल नावाचा किल्ला बांधला. त्यांना धास्ती होती ती फ्रेंच मळेवाल्यांच्या बंडाची. आजही गावात कुठेही उभे राहिले तरी तो काळसर दगड डोक्यावर दिसतो.

मुक्त झालेल्यांनी मळ्यांकडे पाठ फिरवली आणि मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे मोर्चा वळवला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजाने कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईत आणले. तिथून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बंदरात उतरली, बहुतेक बिहार आणि मद्रास इलाख्यातली, काही मुंबई बंदरातून चढलेली, म्हणजे रत्नागिरीकडची आणि घाटमाथ्याची. गिरमिट म्हणजे पाच वर्षांचा करार. उसाच्या तोडीला जाणाऱ्या आपल्याकडच्या मजुराच्या कानाला ‘उचल’ हा शब्द जसा लागतो, तसा त्यांना गिरमिट लागत असणार: आधी हातावर पडलेली रक्कम, मग ती फिटेपर्यंत बांधलेले शरीर. १८४९ साली त्रू फाँफारों या खाडीच्या कडेला त्यांच्यासाठी छावणी बांधली गेली. तिला आज आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारसा आहे. उरली आहे ती जागा फार थोडी, अवघी १,६४० चौरस मीटर. बाकीची रस्त्याखाली गेली. पाण्यातून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या आहेत, आत छपऱ्यांचे चौथरे, स्वयंपाकघर, दवाखान्याची खोली, शौचकूप. पायऱ्या चढून आलेला माणूस एक-दोन दिवस इथे थांबे आणि तेवढ्यात त्याचे सगळे लिहून घेतले जाई: नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. नाव लिहिणारा कारकून ऐकेल तसे लिही. मराठी, भोजपुरी, तमिळ उच्चार इंग्रजी-फ्रेंच कानातून गेले आणि वेगळेच रूप घेऊन बाहेर पडले. पणजोबांचे पाळण्यातले नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. आणि या सगळ्याच्या शेजारी एक क्रमांक, जो माणसाला मरेपर्यंत सोडत नसे.

हा क्रमांक निरुपद्रवी नव्हता. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र चिकटवलेले तिकीट बाळगणे सक्तीचे झाले. तिकीट हरवले, घरी राहिले किंवा दुसऱ्या जिल्ह्याचे निघाले की पोलीस ‘भटक्या’ म्हणून उचलत. नवे तिकीट काढायला पोर्ट लुईच्या कचेरीत जायचे, आणि त्या वाटेवरही तिकीट नाही म्हणून धरले जायचे. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या माणसाच्या साह्याने जुन्या गिरमिटियांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. चौकशी आयोग आला आणि जाच थोडा सैल झाला. या अर्जात मला विशेष वाटते ते असे, की वहीत उतरवलेल्या माणसांनी प्रथमच स्वतःची यादी स्वतः केली आणि ती त्याच शहरात, त्याच कचेऱ्यांच्या दारात नेऊन ठेवली.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे. बेट श्रीमंत केले ते उसाने; ऊस मळ्यात पिकला, चरकात गाळला गेला, मग शहर हे फक्त नळ नव्हते काय? नळातून पाणी जाते म्हणून नळाला विहीर म्हणायचे कशाला? उत्तर उसाच्या हिशेबातच आहे. १८२५ साली ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरचा जादा कर काढला आणि त्या वेळचे दहा हजार टनांच्या आसपासचे उत्पादन पुढच्या तीस वर्षांत लाखाच्या पलीकडे गेले. ही उडी घ्यायला जमीन साफ करणे, चरक, वाफेची यंत्रे, मजुरांच्या बोटींचे भाडे असा सगळा खर्च पीक हाती येण्याच्या वर्ष-दोन वर्षे आधी करावा लागे. तो करत होत्या पोर्ट लुईच्या पेढ्या. मळेवाला उभ्या उसावर कर्ज घेई, साखर पेढीच्या वखारीत येई, तिथे वजन होई, कर्ज आणि व्याज वळते होई आणि उरले ते त्याच्या खाती जमा होई. भाव पडला, वादळ झाले, उसावर रोग आला की मळा गहाण पडे आणि वही जिवंत राही. ‘अ‍ॅटलस’वरचे ते ३६ जणही कुणा एकट्यादुकट्या शेतकऱ्याने आणवले नव्हते, पोर्ट लुईतल्या एका व्यापारी पेढीचा तो उद्योग होता. व्यापारी मंडळ म्हणजे चेंबर ऑफ कॉमर्स १८५० साली निघाले, तेही याच पेढीवाल्यांचे. १८४७ साली या शहराने काढलेली तिकिटे आज टपाल-तिकिटांच्या छंदिष्टांत अनमोल ठरली आहेत. ब्रिटनच्या वसाहतींत एवढ्या लवकर टपाल-तिकीट काढण्याची निकड याच शहराला वाटली, कारण त्याचा जीव पत्रव्यवहारात होता.

आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत बोलका वाटावा असा पुरावा चलनाचा आहे. बीट साखरेने युरोपची बाजारपेठ आक्रसली तेव्हा मॉरिशसची साखर हिंदुस्थानकडे वळली आणि त्या व्यापारात गुजराती मुसलमान पेढ्या पुढे आल्या. येताना तांदूळ, डाळ, कापड, गोणपाट, जाताना साखर. रुपया इतका खेळू लागला, की १८७६ साली सरकारने पौंड बाजूला ठेवून रुपयाच बेटाचे अधिकृत चलन केले. आजही मॉरिशसचे चलन रुपया आहे. मळ्यातल्या गोऱ्या जमीनदाराला रुपयाचे प्रेम नव्हते. तो आणला बंदराच्या हिशेबाने. शहरातली जुम्मा मशीद, जिचे बांधकाम १८५० च्या दशकात सुरू झाले, ती याच कच्छी-मेमन व्यापाऱ्यांची. तिच्याभोवती चिनी वस्ती आहे, आणि ले सालीनमधले क्वान ती देऊळ तर त्याआधीचे, १८४० च्या दशकातले. चिनी दुकानदाराने पुढे गावोगाव उधारीची दुकाने टाकली. मजूर पगारापर्यंत उधारीवर जगे आणि दुकानदार पोर्ट लुईच्या घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीवर. वहीला वही जोडलेली होती, आणि सगळ्या वह्यांची शेवटची बेरीज शहरात होत असे.

दुसरा आक्षेप असा येईल, की हे तर प्रत्येक बंदराचे वर्णन झाले. मुंबईतही दलाल होते, हुंड्या होत्या, जकात होती. होय, पण मुंबईच्या पाठीशी देश होता. कापूस वऱ्हाडातून आला, माणसे कोकणातून आणि घाटावरून आली, गिरण्या उभ्या राहिल्या, आणि गिरणगावाने शहराला मालाबरोबर भाषा, नाटक, तमाशा, चळवळ दिली. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी जातो. त्याला गाव आहे. पोर्ट लुईच्या पाठीशी दीड-दोन तासांत ओलांडता येणारे बेट आहे, एकाच पिकाखाली गेलेले, आणि त्या पिकाचा गाळप-कारखाना मळ्यातच असे. शहराकडे करायला उरले ते मोजणे, साठवणे, चढवणे आणि लिहिणे. म्हणून मुंबईशी त्याची तुलना मला पटत नाही. जहाज आले नाही तर मुंबई आजारी पडली असती. पोर्ट लुई उपाशी मेले असते. आजही या देशाचा परदेशी माल जवळपास सगळा या एका बंदरातून ये-जा करतो, आणि भात हे मुख्य अन्न असलेल्या लोकांचा तांदूळ बोटीने येतो.

१८६० च्या दशकापासून या शहरावर एकापाठोपाठ आघात झाले. १८६४ साली आगगाडी सुरू झाली, पुढच्याच वर्षी दुसरा फाटा डोंगर चढून मधल्या थंड पठारावर पोहोचला. १८६६-६७ साली मलेरियाची साथ आली. बेटाला आधी हा ताप ठाऊक नव्हता. एकट्या १८६७ सालात बेटावर ४० हजारांच्या आसपास माणसे मेली आणि दाट वस्तीच्या, दलदलीच्या राजधानीला सर्वांत मोठा तडाखा बसला. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि युरोप-आशियाच्या वाटेवरून पोर्ट लुई बाजूला पडले. एप्रिल १८९२ मधल्या चक्रीवादळाने शहराचा मोठा भाग आडवा केला. ज्यांना परवडत होते ते क्युरपिप, रोझ हिल, कात्र बोर्न या पठारावरच्या गावांत राहायला गेले आणि सकाळच्या गाडीने कचेरीत येऊ लागले. कुणी म्हणेल, शहर तेव्हाच संपले. मालकांनीच पाठ फिरवल्यावर राजधानी कसली? मला हा प्रसंग माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो. साथ, कालवा आणि वादळ या तिन्हींनी घरे हलवली, मेज हलवले नाही. बँका, वखारी, कोर्ट, सरकारवाडा, वर्तमानपत्रे सगळी खालीच राहिली. त्या दशकात पडलेली सवय दीडशे वर्षांनी तशीच आहे: सकाळी शहर भरते, संध्याकाळी पाचनंतर रस्ते ओस पडतात, दुकानांची पत्र्याची दारे खाली येतात.

आणि मग दिसतात ते इथे खरोखर राहणारे लोक. बारा-साडेबारा लाखांच्या देशात राजधानीची वस्ती दीड लाखाच्या आतबाहेर आहे. प्लेन व्हर्त, रोश ब्वा, त्रान्केबार, कासी ही नावे सहलीच्या नकाशात नसतात. गोदी कामगार याच वस्त्यांतले. साखर १९८० पर्यंत गोण्यांतून जाई. वखारीतून खांद्यावर, खांद्यावरून पडावात, पडावातून नांगरलेल्या बोटीवर, अशी एकेक गोण चार-पाच अंगांवरून जात असे. १९३८ सालच्या सप्टेंबरात या कामगारांनी काम बंद केले. गव्हर्नरने आणीबाणी पुकारली आणि त्यांचा पुढारी एमान्युएल आंकेतिल याला रॉड्रिग्ज बेटावर नेऊन ठेवले. १९७१ साली पुन्हा गोदी बंद पडली आणि स्वतंत्र देशाच्या सरकारनेही आणीबाणीच आणली. दोन राजवटींना एवढी भीती वाटावी याचे कारण साधे होते. ज्या शहरातून सगळे जाते, तिथला खांदा थांबला की देश थांबतो. १९८० साली साखर सुटी, पट्ट्यावरून थेट बोटीत भरण्याची सोय झाली आणि हजारो खांद्यांचे काम संपले. स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ रोजी शाँ द मार्सच्या शर्यतीच्या मैदानात मिळाले, पण त्याच्या दोन महिने आधी याच वस्त्यांत क्रिओल, म्हणजे मुख्यतः गुलामांचे वंशज, आणि मुसलमान यांच्यात दंगल पेटली होती आणि ब्रिटिश सैन्य सिंगापूरहून आणावे लागले होते. शेजारी राहणारी कुटुंबे तेव्हा वेगळी झाली ती झालीच. सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदणारे बेट हे चित्र खोटे नाही, परंतु त्या चित्राची किंमत पोर्ट लुईच्या या दोन-तीन वस्त्यांनी मोजली आहे, हे सांगितल्याशिवाय ते चित्र दाखवू नये.

साखरेनंतर काय, हा प्रश्न १९६० च्या सुमारास सगळ्यांना पडला होता. जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञांनी, ज्यांना पुढे नोबेल मिळाले, १९६१ च्या अहवालात बेटाचे भवितव्य अंधारातच पाहिले: माणसे फार, पीक एक, नोकऱ्या नाहीत. अंदाज चुकला. १९७० च्या कायद्याने निर्यातीसाठीचे कपड्यांचे कारखाने आले, युरोपने ठरलेल्या चढ्या भावाने साखर घेतली, पर्यटन वाढले. पण हे कारखाने आणि ही हॉटेले बेटभर विखुरली. शहराच्या वाट्याला पुन्हा आले ते जुनेच काम. १९८९ साली शेअर बाजार निघाला, १९९२ साली परदेशी कंपन्यांच्या नोंदणीची व्यवस्था आली. भारताशी दुहेरी कर टाळण्याचा करार आधीपासून होता, त्यामुळे जगातले भांडवल पोर्ट लुईत कागदावर थांबून भारतात येऊ लागले. कित्येक वर्षे भारतातल्या परकीय गुंतवणुकीचा जवळपास तिसरा हिस्सा मॉरिशसच्या नावावर दिसत होता. २०१६ साली करार बदलला आणि ती वाट अरुंद झाली. या व्यवस्थेवर करबुडवेगिरीचा आरोप झाला आणि त्यात तथ्य होते. भारताच्या तिजोरीचे नुकसान मॉरिशसच्या नोकऱ्यांनी भरून निघते असे मी म्हणणार नाही. मला फक्त सातत्य दाखवायचे आहे: पूर्वी ज्या खाडीकाठी माणसाला क्रमांक मिळत होता, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर कंपनीला क्रमांक मिळू लागला.

आता मात्र वही शहर सोडून चालली आहे. दक्षिणेला एबेन येथे भारताच्या मदतीने सायबर सिटी उभी राहिली आणि वकील, हिशेबनीस, बँका तिकडे सरकल्या. जुन्या आगगाडीच्या मार्गाच्या आसपासच आता मेट्रो धावते. ती मुंबईत मुख्यालय असलेल्या लार्सन अँड टुब्रोने बांधली आणि २०२२ पर्यंत क्युरपिपपर्यंत पोहोचली. पठारावरचा माणूस पुन्हा गाडीने खाली येतो आणि गाडीने वर जातो. खाली काय उरते याचा विचार कमी झाला आहे. ३० मार्च २०१३ रोजी दीड-दोन तासांच्या पावसाने शहरात ११ जण बुडून मेले, त्यांतले काही समुद्रकाठच्या भुयारी रस्त्यात आणि तळघरात. डोंगरावरून येणारे ओढे फ्रेंच काळापासून बांधून काढलेले. त्यांच्यावर आणि त्यांच्या काठांवर नंतर बांधकाम होत गेले. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसात याच रस्त्यांवरून मोटारी वाहत गेल्या. दिवसा कामाला येणाऱ्यांच्या हाती शहराचे नियोजन आणि रात्री राहणाऱ्यांच्या घरात पाणी, ही विभागणी १८६७ ची आहे.

एक आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण तो मला सर्वांत जड वाटतो. वह्यांतून शहर वाचायचे म्हणजे वही लिहिणाऱ्याच्या नजरेने माणसे पाहायची. ज्यांना मोजले त्यांचे गाणे, त्यांचा देव, त्यांचा राग वहीत नाही. मान्य आहे. मुंबई इलाख्यातून काळ्या पाण्याच्या शिक्षेवर इथे पाठवलेले कैदी, ज्यांनी या शहराचे रस्ते बांधले आणि ज्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांनी १८३६ साली इथे आलेल्या डार्विनलाही थबकायला लावले, ते यादीत फक्त गुन्हा आणि शिक्षा एवढेच आहेत. रत्नागिरीकडून आलेल्यांनी जपलेली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. यातले काही कुणा कारकुनाने लिहून ठेवले नव्हते. म्हणून पुढच्या प्रकरणांत वह्यांइतकीच जागा बाजाराला, ढोलपुरीच्या गाड्यांना आणि क्रिओल भाषेला दिली आहे. तरीही वही बाजूला सारता येत नाही, कारण तिच्यात कोण कसे लिहिले गेले यावर आजची माणसे उभी आहेत. गिरमिटियांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. पणतू क्रमांक घेऊन येतो, जहाजाचे नाव मिळते, जिल्हा मिळतो, पुष्कळदा गाव मिळते, आणि १८६० च्या दशकानंतरचा पूर्वज असेल तर त्याचे छायाचित्रही. जो क्रमांक गळ्यातला दोर होता तो घराण्याचा पुरावा झाला. गुलामांच्या वंशजाला यातले काही मिळत नाही. तिथे एकच नाव असते, तेही मालकाने ठेवलेले. गावाच्या जागी ‘मोझांबिक’ एवढा एक शब्द, आणि त्या शब्दात आफ्रिकेचा अर्धा पूर्व किनारा सामावलेला. रोश ब्वामध्ये राहणाऱ्या आणि १९६८ ते १९७३ या काळात चागोस बेटांवरून उचलून याच धक्क्यावर आणून टाकलेल्या कुटुंबांची कागदाशी झुंज तर अजून संपलेली नाही.

आप्रवासी घाटाला लागूनच ला बूर्दोनेच्या काळातले जुने लष्करी इस्पितळ आहे. तिथे २०२३ साली गुलामगिरीचे संग्रहालय उघडले. दोन वास्तूंमध्ये फक्त एक रस्ता आहे. एकीकडे साडेचार लाख नावांचा दाखला, दुसरीकडे दाखवायला नावे फार थोडी. अशा वेळी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८४६ साली यूजेन द फ्रोबर्व्हिल या अभ्यासकाने मॉरिशसमध्ये, पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या आणि आता सुटलेल्या गुलामांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे साचे घेतले. हेतू वंशशास्त्राचा होता, आणि आज तो आपल्याला रुचत नाही. पण त्याने त्यांना विचारले, तुम्ही कुठले, तुमच्या बोलीत याला काय म्हणतात, आणि उत्तरे लिहून ठेवली. ते मुखवटे फ्रान्समध्ये ब्ल्वा गावच्या राजवाड्यात आहेत. ओले प्लास्टर सुकेपर्यंत डोळे मिटून राहावे लागते, म्हणून सगळ्या चेहऱ्यांचे डोळे मिटलेले आहेत. ओठ घट्ट, कपाळावर आणि गालांवर आपल्या जमातीच्या खुणेचे व्रण उठून दिसणारे. कारकुनाच्या वहीत ‘मोझांबिक’ लिहिलेल्या त्या माणसांचे गाव त्यांच्या कातडीवर लिहिलेले होते.